गोमाता महामार्गावर, गोभक्त देवघरात!

शके ९३० म्हणजे इ. स. १००८ मध्ये दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाने एक दानपत्र कोरून घेतले. ते ताम्रपट खारेपाटणला सापडले आणि इतिहासात ‘खारेपाटणचे ताम्रपट’ म्हणूनच ओळखले जातात. शिलाहारांची राजधानी बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण, असे अनेक अभ्यासक मानतात. राजाने अव्वेश्वराच्या देवालयाला गावे दिली. पूजाअर्चा, देवालयाची डागडुजी आणि तपस्वी, विद्वान व अतिथी यांच्या अन्नवस्त्राची सोय लावून दिली. त्याच पटात आणखी एक तरतूद आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण देवालयाला मिळावा! म्हणजे राजाच्या औदार्याचा झरा आटला, तरी बंदरातील व्यापार चालू असेपर्यंत संस्था उपाशी राहणार नाही, याची व्यवस्था हजार वर्षांपूर्वीच्या कोकणात केली गेली होती. पुण्यकार्याला नियमित उत्पन्न बांधून द्यावे लागते, हे व्यावहारिक शहाणपण त्या काळी होते.

आज खारेपाटणला जहाजे येत नाहीत. विजयदुर्गाच्या खाडीतून आत येणारा तो जलमार्ग गाळाने बुजला. त्याच्या जागी आता मुंबई-गोवा महामार्ग आहे. पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६. रत्नागिरी जिल्हा ओलांडला की सिंधुदुर्गाचे पहिले मोठे गाव हेच. चौपदरीकरण झाले, वाहनांचा वेग वाढला आणि पावसाळ्याच्या रात्री त्या गुळगुळीत रस्त्यावर बसलेल्या गुरांचे प्रश्नही वाढले. चिखल, माश्या, डास यांना कंटाळलेले जनावर कोरड्या, किंचित उबदार डांबराचा आश्रय घेते. त्यात त्याचा काय अपराध? चालकाला वळणावर अचानक दिव्यांच्या झोतात चमकणारे डोळे दिसतात. मोटारसायकलस्वाराला तेवढीही संधी मिळत नाही. कोकणातील या महामार्गावरून प्रवास करणाऱ्या कोणत्याही चाकरमान्याला हे दृश्य नवे नाही.

ही गुरे आकाशातून पडलेली नाहीत. त्यातील प्रत्येक गाय, प्रत्येक पाडा कोणा ना कोणाच्या गोठ्यात जन्मला आहे. त्या गोठ्याच्या मालकाने वसुबारसेला तिची पूजा केली असेल, पुरणाचा घासही भरवला असेल. पुढे गाय भाकड झाली, पाड्याच्या खांद्यावर जू ठेवायला घरात नांगर उरला नाही, पॉवर टिलर आला. आणि एका संध्याकाळी दावे सोडले गेले. शासनाने गुरांच्या कानाला बारा अंकी पिवळा बिल्ला लावला, पण मालकाचे नाव पुसायला एक कात्री पुरते.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी महामार्गांवरील व द्रुतगती मार्गांवरील मोकाट गुरे हटवून त्यांना निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. २०१९ च्या पशुगणनेत देशातील मोकाट गुरांची संख्या ५० लाखांहून अधिक होती. न्यायालयाचा आदेश योग्यच आहे. पण निवारा आदेशाने उभा राहत नाही. खारेपाटणच्या पुलाजवळ मध्यरात्री बसलेल्या दहा गुरांना उठवून नेणारे वाहन कोणाचे, त्या वाहनाचे डिझेल कोणाचे, आणि सकाळी त्या दहा तोंडांपुढे पेंढा टाकणारे हात कोणाचे? १८७१ च्या कायद्याने आलेले कोंडवाडे आज अनेक ठिकाणी नावापुरते उरले आहेत. कोंडवाड्याची सारी रचनाच मुळी ‘मालक दंड भरून जनावर सोडवून नेईल’ या गृहीतावर उभी होती. ज्याने स्वतःहूनच सोडून दिले, तो दंड भरायला कशाला येईल?

या प्रश्नावर पुरोगामी मंडळींचे उत्तर ठरलेले आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीला संरक्षण होते. १९९५ मध्ये विधिमंडळाने बैल व वळू यांनाही ते देणारी दुरुस्ती संमत केली. राष्ट्रपतींची संमती मिळून ती मार्च २०१५ मध्ये अमलात आली आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोवंशहत्याबंदी वैध ठरवली. पुरोगाम्यांच्या मते सारा घोटाळा इथेच झाला. म्हाताऱ्या बैलाचे चार पैसे येत होते, ते बंद झाले, शेतकरी बुडाला. म्हणून कायदा रद्द करा!

या युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे, हे गोभक्तांनी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. म्हाताऱ्या बैलाच्या विक्रीतून येणारी रक्कम हे शेतकऱ्याच्या हिशेबातले खरे उत्पन्न होते आणि ते गेले. उत्तरार्ध मात्र खोटा आहे. राज्यघटनेच्या ४८व्या अनुच्छेदाने गोवंशाच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या प्रकरणात संपूर्ण बंदी ग्राह्य धरताना म्हाताऱ्या जनावराच्या शेणाचेही मोल मान्य केले. समाजाने एखादे मूल्य जपायचे ठरवले, तर त्याची किंमत समाजाने द्यायची असते. इथे काय घडले? मूल्य साऱ्या समाजाचे, कायदा साऱ्या राज्याचा, आणि त्याचा भार मात्र एका अल्पभूधारक कोकणी शेतकऱ्याच्या गोठ्यावर! गोवंशरक्षणाचा हा कर त्याने एकट्याने भरावा आणि दादर-ठाण्याच्या सदनिकेत बसलेल्या भक्ताने फक्त जयघोष करावा, हा कोणता न्याय?

स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तो काळ १९२४ ते १९३७ चा. ‘गोपालन हवे, गोपूजन नव्हे’ हा त्यांचा निबंध अनेक गोभक्तांना आजही झोंबतो. पूजनाविषयीचे त्यांचे मत सोडून देऊ. श्रद्धेचा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरी सुटतो. पण पालनावाचून पूजन हा पोकळ देखावा आहे, एवढे तरी त्यांच्या विरोधकांनाही मान्य व्हावे. जनावरांनी भरलेली वाहने अडवण्यासाठी मध्यरात्री रस्त्यावर उभे राहणारे तरुण आज दिसतात. वाहन अडवणे हे पोलिसांचे काम आहे, ते त्यांनीच करावे. नागरिकाने कळवावे आणि बाजूला व्हावे. परंतु त्याहून अवघड काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. सोडवलेली वीस जनावरे एखाद्या गोशाळेच्या दारात उतरवून, छायाचित्र काढून मंडळी निघून जातात. खटला वर्षानुवर्षे चालतो. त्या वीस जनावरांची वैरण गोशाळाचालक कुठून आणतो, याची चौकशी करायला त्यांतील किती जण परत येतात, हे कोणत्याही चालकाला विचारावे.

शासनाने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये ‘गोवर्धन गोवंश सेवा केंद्र’ योजना आली. त्यानंतर महाराष्ट्र गोसेवा आयोग स्थापन झाला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन प्रतिगाय ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे, पण त्याच्या अटी वाचल्या पाहिजेत. संस्था आयोगाकडे नोंदलेली हवी, गोसंगोपनाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, गोशाळेत किमान ५० गोवंश हवा, प्रत्येकाच्या कानात बिल्ला हवा. बनावट संस्था पैसे खाऊन जाऊ नयेत म्हणून या अटी आवश्यकच आहेत. पण याचा अर्थ असा, की उद्या खारेपाटण पंचक्रोशीतील चार तरुणांनी गोशाळा काढायची ठरवली, तर पहिली तीन वर्षे त्यांनी ५० जनावरे स्वतःच्या बळावर जगवून दाखवायची.

हिशेब सोपा आहे. शासनाचाच ५० रुपयांचा दर धरला, तर ५० जनावरांना दिवसाला अडीच हजार, वर्षाला ९ लाख १२ हजार ५००, तीन वर्षांना २७ लाख ३७ हजार ५०० रुपये. यात गोठा, पाणी, औषधे, राखणदाराचा पगार धरलेला नाही. आकडा मोठा वाटतो. पण पंचक्रोशीतील आणि मुंबईतील मिळून एक हजार घरांनी दिवसाला अडीच रुपये काढले, तर वैरणीचा खर्च भागतो. महिन्याचे पंचाहत्तर रुपये! गावागावांच्या मंदिर-जीर्णोद्धारासाठी मुंबईची ग्रामस्थ मंडळे किती निधी उभारतात, हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. संगमरवरी फरशी, पितळी कळस, देणगीदारांच्या नावांची पाटी. गोशाळेच्या पेंढ्यावर नाव कोरता येत नाही, ही खरी अडचण आहे काय?

मे २०२५ मध्ये खारेपाटणच्याच कणकवली तालुक्यात, करंजे येथे, नारायण राणे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या गोवर्धन गोशाळेचे उद्घाटन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. जिल्ह्याला अशा संस्थेची गरज होतीच. चिंता एवढीच, की ‘आता साहेबांनी केले आहे’ असे म्हणून बाकीचा समाज हात झटकून मोकळा होईल. एका नेत्याने उभारलेली संस्था जिल्ह्याला दिशा देऊ शकते. जिल्ह्यातील प्रत्येक सोडलेल्या जनावराचा भार ती वाहू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

व्यापारी समाजाने हे कोडे मुंबईत सुमारे एकशे नव्वद वर्षांपूर्वीच सोडवले होते. १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. (मुंबईत कुत्र्यांवरून तापलेले हे वातावरण आज वाचताना नवल वाटत नाही!) दंगलीने कुत्री वाचली नसती. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी यांनी एकत्र येऊन भुलेश्वरला पांजरापोळ स्थापन केली. दानशूरांच्या एकरकमी देणग्यांवर ते थांबले नाहीत. व्यापाऱ्यांनी आपापल्या मालाच्या उलाढालीवर स्वतःहून लागा बसवून घेतला. बंदरात माल आला-गेला, की पांजरापोळीच्या वाट्याचे पैसे बाजूला पडत. रट्टराजाच्या सुवर्ण गद्याणाचीच ही दुसरी आवृत्ती. म्हणून ती संस्था टिकली. नाशिकची पंचवटी पांजरापोळ १८७८ पासून चालत आली आहे. टाळ्या मिळवणाऱ्या अनेक गोरक्षण सभा मात्र कधीच्याच विरून गेल्या.

गरीब समाजालाही हे साधते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. वाईच्या चौंडे महाराजांनी गोरक्षणासाठी गावोगाव पायपीट केली. १९२४ च्या बेळगावच्या गोरक्षण परिषदेकडे गांधीजींना ओढून आणण्यात त्यांचा वाटा होता. आणि इतके मागे कशाला जायचे? जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये श्रीरामजन्मभूमी मंदिरासाठी निधी समर्पण अभियान झाले. दहा, शंभर आणि हजार रुपयांची कुपने घेऊन कार्यकर्ते वाडीवस्तीवर गेले. कोणत्या घरात कोण राहते, कोण देऊ शकतो, कोणाकडून एक रुपयाही घेऊ नये, याची माहिती त्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात आजही आहे. ती यादी कपाटात धूळ खात का पडावी?

पैशांबरोबर विश्वासही मागावा लागेल. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, आयकराच्या ८०-ग ची सवलत, या गोष्टी कंटाळवाण्या खऱ्या. पण त्यांच्याविना मुंबईतील शहाणा देणगीदार धनादेशावर सही करणार नाही. कंपनी कायदा २०१३ अन्वये मोठ्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा निधी प्राणिकल्याणावर खर्च करता येतो. त्यासाठी अर्ज लिहायला बसणारा एक कार्यकर्ता दहा घोषणा देणाऱ्यांना भारी पडतो. गोशाळेच्या दारावर मासिक फलक असावा: जनावरे किती, आली किती, मेली किती, वैरण किती रुपयांची. मेलेल्यांचा आकडा लपवणारी गोशाळा लवकरच देणगीदारही गमावते. आणि गोमूत्राने दुर्धर रोग बरे करण्याच्या जाहिरातींपासून तर चार हात दूरच राहावे.

कोकणात पैशांहून सोपे दानही आहे. कोकण कपिला ही या मातीची गाय. अंगाने लहान, धो धो पावसाला न डगमगणारी, दूध लिटर-दोन लिटर, खाणेही त्याच बेताचे. तिला महागड्या खुराकाची आवश्यकता नाही. ज्या घरांतून गुरे गेली, त्या घरांत भात अजूनही पिकते. म्हणजे पेंढा आहे. डोंगरउतारावरचे गवत दरवर्षी वणव्यात जळते. शेजारच्या देवगड तालुक्यात हापूसच्या बागांना शेणखत लागते आणि ते विकत आणावे लागते. पेंढा एका बाजूने आत, शेणखत दुसऱ्या बाजूने बाहेर, एवढा व्यवहार जमवणारा एक माणूस पंचक्रोशीत पगारी ठेवला, तरी निम्मी अडचण सरेल. आणि शेतकऱ्यानेही लिंगवर्गीकृत रेतमात्रेची माहिती पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. नको असलेले पाडे जन्माला घालून मग रस्त्यावर सोडणे यात कसले आले गोपालन?

वसुबारस येते तेव्हा कोकणात भातकापणी आटोपत आलेली असते, झोडणी चाललेली असते. पेंढा अजून खळ्यावरच असतो, उडवी रचायची असते. चाकरमानी दिवाळीसाठी गावी आलेले असतात, आणि घरात रिकामे हातही असतात.