ब्रेक झिजतो, बोटं ऑपरेटरची जातात

पॉवर प्रेसवर कामगाराची बोटं गेली की ‘त्याचं लक्ष नव्हतं’ हा निष्कर्ष अनेकदा मशीन उघडून न पाहताच काढला जातो. तो अन्यायाचा आहे.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत आजही की-क्लचच्या जुन्या प्रेस चालतात. पेडल दाबलं की फ्लायव्हीलची फिरती ताकद ‘की’ नावाच्या खिळीमार्फत क्रँकशाफ्टला मिळते आणि रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो. मध्येच त्याला थांबवण्याची सोय नाही, त्यामुळे हात आडवा येताच प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, म्हणजे लाइट कर्टन, अशा प्रेसला लावून उपयोग नसतो. पक्कं गार्डच हवं. कीची स्प्रिंग तुटली किंवा कडा झिजल्या, तर की वेळेवर सुटत नाही. पेडल एकदाच दाबलेलं असताना प्रेस दुसऱ्यांदा मारते, आणि तेव्हा ऑपरेटरचा हात पार्ट काढायला डायमध्ये गेलेला असतो. इथे त्याच्या लक्षाचा संबंध येतो कुठे?

फ्रिक्शन क्लचची प्रेस अधिक सुरक्षित. तिथे हवेच्या दाबाने क्लच लागतो आणि ब्रेक स्प्रिंगने, म्हणून हवा गेली तरी ब्रेक लागतोच. पण ब्रेकचं लायनिंग झिजतं, त्याला तेल लागतं, हवेच्या लाइनीत पाणी साचून व्हॉल्व्ह अडकतो. प्रेस थांबायला थोडा जास्त वेळ घेऊ लागते, आणि तो फरक डोळ्यांना कळत नाही. लाइट कर्टन आणि डाय यांच्यातलं सुरक्षित अंतर काढताना हाताचा वेग साधारण सेकंदाला १.६ मीटर धरतात. थांबण्याचा वेळ एक दशांश सेकंदाने वाढला, तर तेवढ्यात हात १६ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. बसवताना योग्य जागी असलेला लाइट कर्टन मग नुसता दिवा उरतो.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार, नेमलेल्या प्रशिक्षित व्यक्तीने शिफ्टच्या पहिल्या चार तासांत प्रेसची सुरक्षा साधनं तपासून सही करायची असते. अमेरिकेत क्लच-ब्रेकची तपासणी दर आठवड्याला बंधनकारक आहे. आपल्याकडे ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या अहवालांतून वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांची स्थिती मांडते आहे. त्यांत बोटं गमावलेले खूप आहेत, आणि पॉवर प्रेस हे त्याचं मोठं कारण.

लहान मालक फिटरला तपासणीसाठी वेळ देत नाही, कारण पार्टच्या दरात तो वेळ धरलेलाच नसतो. तो धरायला वाहन कंपन्यांनीच सुरुवात करावी. त्यांचे ऑडिटर पार्टचं माप काटेकोर तपासतात. त्याच भेटीत त्यांनी की, स्प्रिंग आणि लायनिंग पाहावं, फ्रिक्शन प्रेसचा स्टॉपिंग टाइम मोजून घ्यावा आणि जिची तपासणीची नोंदवही कोरी आहे त्या प्रेसवरचा माल उचलू नये.