समुद्राच्या पोटांत डोकावतांना

सहलीहून परतलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं पूर्वीं गडाचे बुरूज, लेण्यांतील मूर्ति आणि गाडींतील भेंड्या असत. हल्लीं त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. मालवणास जाऊन आलेला मुलगा आधीं किल्ल्याविषयीं बोलत नाहीं. समुद्राखालचे मासे पाहिल्याचें तो प्रथम सांगतो. कांचेचा मुखवटा चेहऱ्यावर चढवावयाचा, वांकडी नळी दांतांत धरावयाची आणि पाण्यावर पालथें पडून खालची सृष्टि न्याहाळावयाची, असा हा खेळ आहे. त्यास स्नॉर्केलिंग म्हणतात व तोच शब्द आतां आपल्याकडेहि रूढ झाला आहे.

या खेळाविषयीं पालकांचीं दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, पोहतां न येणाऱ्या मुलांना समुद्रांत उतरविणें म्हणजे संकटास घरीं बोलावणें होय. दुसरे म्हणतात, मुलांनीं चार दिवस मौज केली तर बिघडलें कोठें? पहिल्या मतांत भय आहे, दुसऱ्यांत उदारता आहे. परंतु समुद्राचें हित दोहोंतहि कोणाच्या ध्यानीं आलेलें नाहीं. हा खेळ मुलांना अवश्य शिकवावा. मात्र आधीं पाण्याची आणि मग हातापायांची शिस्त लावल्यावांचून एकाहि मुलाच्या तोंडावर तो मुखवटा चढवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. हें मत मला माझ्याच एका चुकीनें शिकविलें. म्हणून ती चूक प्रथम सांगतो.

गेल्या डिसेंबरांत नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघे शिक्षक मालवणास गेलों. टिळकनगरजवळच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर रात्रीं गाडी धरली, सकाळीं कुडाळास उतरलों व एस्. टी. नें मालवण गांठलें. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचें काम सुरू केलें आणि १६६७ सालीं तें पुरें झालें, हें मुलांना पाठ होतें. भोंवतीं खारें पाणी असतां किल्ल्यांत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, याचें त्यांना मोठें नवल वाटलें. त्याहून मोठें नवल तटाबाहेर त्यांची वाट पाहत होतें.

खडकांजवळ होडी थांबली. अंगांत लाइफ जॅकेट व तोंडांत नळी घालून एकेक मुलगा पाण्यांत उतरला. पहिल्या क्षणीं प्रत्येकजण घाबरतो, कारण नाक बंद ठेवून केवळ तोंडानें श्वास घेण्याची संवय माणसास नसते. श्वास ठिकाणावर आला म्हणजे मग डोळे काम करूं लागतात. खालीं भोपळ्याएवढ्या, परातीएवढ्या पोवळ्यांच्या गांठी होत्या. पांढुरक्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे त्यांच्या फटींतून झुंडीनें आंतबाहेर करीत होते. फुलपाखरू-माशांची एक पिवळी जोडी सावकाश चरत होती. पोपटासारखी चोंच असलेला एक मासा खडक कुरतडीत होता आणि त्याचा कुरकुर आवाज पाण्यांत आम्हांस स्पष्ट ऐकूं येत होता. वर्गांत पांच मिनिटें स्वस्थ न बसणारीं मुलें अर्धा तास एक शब्द न बोलतां पाहत राहिलीं!

तोंवर मी थकलों होतों. छातीइतक्या पाण्यांत एक गोलसर दगड दिसला; त्यावर पाय टेकून मी क्षणभर उभा राहिलों.

त्याच संध्याकाळीं आमच्या उताऱ्यावर एका मुलाच्या पिशवींतून कुजका वास येऊं लागला. आंत रुमालांत गुंडाळलेला पोवळ्याचा मूठभर तुकडा निघाला. सकाळीं तपकिरी दिसणारा तो तुकडा आतां चिकट होऊन पांढरा पडूं लागला होता. मी त्या मुलाला रागें भरलों. समुद्रांतील कांहींहि तोडावयाचें नाहीं, असें सांगितलें होतें कीं नाहीं, म्हणून विचारलें. मुलगा उद्धट नव्हता. मान खालीं घालून तो हळूच म्हणाला, "सर, तुम्ही तर त्याच्यावरच उभे होतां. मला वाटलें, दगडच आहे."

त्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही दोघे किनाऱ्यावर गेलों आणि तो तुकडा समुद्रास परत केला. तेवढ्यानें तो जिवंत होणार नव्हता, हें दोघांसहि ठाऊक होतें.

दगड आणि पोवळें यांतील भेद मुलांना मीं आधीं शिकविला असता, तर ही पाळी आली नसती. पोवळें म्हणजे असंख्य लहान लहान प्राण्यांचें गांव आहे. प्रत्येक प्राणी आपल्याखालीं चुन्याचें घर बांधीत जातो. त्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतें आणि घरधन्यास त्याचा वांटा देतें. पोवळ्याचा रंगहि बहुतांशीं या भाडेकऱ्याचाच असतो. समुद्राचें पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद-दुसऱ्या अंशानें अधिक तापलें व कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर हें शैवाल बाहेर पडतें, पोवळें पांढरें फटफटीत होतें आणि उपासमारीनें मरूंहि शकतें. जगांतील समुद्र तापत चालल्यामुळें हें संकट पोवळ्यांवर वारंवार येऊं लागलें आहे. त्यांत आमच्या पायांचा भार कशाला? गोलसर पोवळें वर्षाकांठीं सुमारें एक सेंटिमीटर वाढतें. मी ज्यावर उभा राहिलों, तो गोळा हातभर रुंद होता. म्हणजे माझ्या सर्व विद्यार्थ्यांहून तो वयानें वडील होता.

मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्गाचा परिसर त्याच्या गाभ्यांत येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत वाघाचें नांव आहे, तेथेंच खडक बांधणाऱ्या पोवळ्यांचेंहि आहे. असें असतां, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, पाण्याखालच्या पर्यटनामुळें मालवणच्या पोवळ्यांस इजा होत असल्याचें दाखवून दिलें आहे. या अभयारण्याच्या निर्बंधांस तेथील मच्छिमारांचा विरोध होत आला आहे. पोटासाठीं जाळें टाकणाऱ्यास निर्बंध पाळावयास सांगावें आणि मौजेसाठीं आलेल्या पाहुण्यानें पोवळीं तुडवावीं, हा न्याय कोणास पटेल?

आतां पालकांच्या भयाविषयीं. तें भय निराधार नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. ती वार्ता वाचून ज्या आईचें काळीज हललें नसेल अशी आई विरळा. परंतु भीतीवर घरीं कोंडून ठेवणें हा उपाय नव्हे. पोहणें शिकविणें हा उपाय आहे. गोवंडीच्या मुलांना त्यासाठीं दूर जावयास नको; महापालिकेचा जनरल अरुणकुमार वैद्य तरण तलाव चेंबुरास आहे. ज्या मुलास लाइफ जॅकेटावांचून दहा मिनिटें शांतपणें तरंगतां येत नाहीं, त्यास समुद्रांत नेऊं नये. आणि ज्यास तें येतें, त्यानेंहि समुद्रांत लाइफ जॅकेट घातल्यावांचून उतरूं नये. पावसाळ्यांत तर या खेळाचें नांवहि काढूं नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यास उत्तम, कारण तेव्हां समुद्र शांत व पाणी बरेंच नितळ असतें.

साहित्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मुखवटा घेतांना त्याचा पट्टा डोक्यामागें न बांधतां तो नुसता चेहऱ्यावर ठेवावा व नाकानें हळूच श्वास आंत ओढावा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर मापाचा, गळून पडला तर दुसरा पाहावा. मिशाळ पालकांनीं ही परीक्षा विशेष लक्षपूर्वक करावी, कारण मिशींतून पाणी आंत शिरतें. कांच कणखर, टेंपर्ड असावी. साध्या कांचेचे वा खेळण्यांतले मुखवटे घेऊं नयेत. संपूर्ण चेहरा झांकणारे मुखवटे आकर्षक दिसतात, पण घाईच्या वेळीं ते चटकन् काढतां येत नाहींत. नवशिक्यानें साधाच वापरावा.

नळीविषयीं मुलें नेहमीं विचारतात कीं, ती वांवभर लांब केली तर तळाशीं बसून श्वास घेतां येणार नाहीं काय? अ‍ॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्यानें हत्तीच्या सोंडेची तुलना पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाशीं केली आहे. पण माणसाची छाती हत्तीची नव्हे. एक मीटर खोलीवर पाणी हवेच्या एकदशांश दाबानें छातीस दाबूं लागतें आणि श्वास आंत ओढणें कठीण होतें. शिवाय लांब नळींत सोडलेलाच श्वास पुन्हां आंत येतो व जीव गुदमरतो. म्हणून नळी हातभरापेक्षां अधिक लांब नसते. पायांत घालावयाचे रबरी पंख वेग देतात खरे, परंतु नवशिक्याचा पंख म्हणजे पोवळ्यावरची कुऱ्हाडच. तलावांत सराव झाल्याखेरीज ते घालूं नयेत. उन्हासाठीं अंगास मलम फांसण्यापेक्षां पुऱ्या बाह्यांचा सदरा घालणें बरें. हवाई बेटांत, पोवळ्यांस अपाय करणारीं दोन द्रव्यें ज्यांत आहेत अशा मलमांच्या विक्रीस १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. घरीं आल्यावर सर्व साहित्य गोड्या पाण्यानें धुवून सावलींत वाळवावें.

पाण्यांतील वर्तनाचा नियम एकच आहे: पाहावें, शिवूं नये. साळिंदरासारखे कांटे असलेले जलचर, वाळूंत दडलेलें पाकट, अंगावर येत नसले तरी विषारी असलेले समुद्रसर्प, यांच्यापासून होणाऱ्या इजा बहुधा आपणच त्यांच्यावर पाय ठेवल्यानें किंवा त्यांना डिवचल्यानें होतात. फुगलेला केंड पाहून मुलें हंसतात. पण तो बिचारा भयानें फुगलेला असतो. तारामासा हातांत घेऊन छायाचित्र काढविणें हाहि एक निर्दय प्रकार आहे. मासे जमावेत म्हणून कोणी होडीवाला पाव टाकूं लागला, तर त्यास नम्रपणें नको म्हणावें. तोहि बहुधा ऐकतो, कारण पोवळीं मेलीं तर त्याचीच चूल थंड होणार आहे.

येथवर मालवणची गोष्ट झाली. परंतु काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, अशी आपली स्थिति आहे. गोवंडीच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. वाशीकडे जातांना आगगाडीच्या खिडकींतून क्षणभर दिसते, त्याहून अधिक ती आमच्या कित्येक मुलांनीं पाहिलेली नाहीं. तेथें मुखवटा घालून कांहीं दिसावयाचें नाहीं, कारण भरती-ओहोटीनें हलणाऱ्या गाळानें पाणी गढूळ असतें. परंतु गढूळ म्हणजे घाणेरडें नव्हे. त्याच गाळावर तिवरें उभीं आहेत, निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळें करितात. आणि हिवाळ्यांत येणारे हजारों रोहित पक्षी त्याच चिखलांतून शैवाल व सूक्ष्म जीव गाळून पोट भरतात. २०१५ सालीं या खाडीचा कांहीं भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला व २०२२ सालीं रामसर करारान्वयें त्यास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला.

घाण आहे ती आपली. १९२७ सालीं सुरू झालेली देवनारची कचराभूमि याच खाडीच्या कडेला आहे. आपल्या गल्लींतील नाल्यांत टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी दुसरीकडे कोठें जात नाहीं. ती येथेंच येते, आणि ओहोटीबरोबर पुढें समुद्रांत जाते. मालवणास पोवळ्याला हात न लावणारा आणि घरीं आल्यावर नाल्यांत पिशवी भिरकावणारा विद्यार्थी अर्धाच धडा शिकला, असें मी म्हणेन. मीं पाय ठेवला, तेव्हां पायाखालीं कांहीं जिवंत आहे हें मला दिसलें नव्हतें. नाल्याच्या पलीकडे कोण जगतें, हेंहि तसेंच आपणांस दिसत नाहीं.

म्हणून पालकांस विनंती आहे कीं, पुढील सहलीपूर्वीं दोन गोष्टींस त्यांनीं संमति द्यावी: मुलामुलींना निदान एक सत्र तलावावर पाठवावें, आणि एका रविवारीं सकाळीं त्यांच्यासह खाडीच्या कांठीं यावें. वही व पेन्सिल एवढेंच साहित्य त्यास पुरे. ज्या विद्यार्थ्याची गोष्ट वर सांगितली, तो यंदा दहावींत आहे. नव्या तुकडीस दगड कोणता व पोवळें कोणतें हें चित्रें काढून दाखविण्याचें काम त्यानें आपण होऊन मागून घेतलें आहे. पहिल्या दिवशीं पहिल्या बांकावर बसून तें शिकण्याचें मीं कबूल केलें आहे.