सांडव्यावरील फुगती दारे : साठा आणि सावधगिरी

पावसाळ्यात तलाव भरून सांडवा वाहू लागला की सर्व गावास समाधान वाटते. परंतु फेब्रुवारीत गव्हाची शेवटची पाळी चुकू लागली म्हणजे याच वाहून गेलेल्या पाण्याची आठवण होते. सांडव्याचा माथा थोडा उंच असता तर बरे, असे तेव्हा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र माथा कायमचा उंच बांधल्यास पुराची वाट अरुंद होते. आणि मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेले तर ते धरण तग धरीत नाही. साठा वाढावा आणि पुरास वाटही मिळावी, यासाठी सांडव्यावर वर-खाली होणारी दारे बसविणे हाच मार्ग होय.

महाराष्ट्रास हा विचार नवा नाही. विश्वेश्वरय्या यांनी योजिलेली स्वयंचलित दारे १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर बसली आणि मूळ धरण न वाढविता साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी चढली. हवेने फुगणारे दार हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल आहे. कापडाच्या थरांनी बळकट केलेली रबरी पिशवी काँक्रीटच्या माथ्यावर घट्ट बसवितात. हवा भरली की तिचा बांध होतो. हवा सोडली की ती सपाट होते आणि पूर, गाळ वरून निघून जातो. दुसऱ्या प्रकारात पोलादी फळी पाणी अडविते व पिशवी तिला खालून उचलून धरते. त्यामुळे वाहत येणाऱ्या ओंडक्यांपासून पिशवीचे रक्षण होते. आंध्र प्रदेशात झंझावती नदीवर २००६ साली, तर बिहारमध्ये गया येथे फल्गू नदीवर २०२२ साली रबरी धरणे उभी राहिली.

लाभाचे गणित सोपे आहे. जलाशयाचा वरचा थर सर्वांत रुंद असतो. जलपृष्ठ १०० हेक्टर असेल तर पातळी १ मीटर वाढताच किमान १० लक्ष घनमीटर पाणी अधिक साठते. बाष्पीभवन, पाझर व कालव्यातील गळतीत निम्मे गेले असे धरले, तरी उरलेल्या पाण्यात ७.५ सेंटिमीटरची एक पाळी ६५० हेक्टरांहून अधिक पिकास देता येते.

परंतु केवळ या आकड्यावर भाळून जाणे योग्य नव्हे. पहिली गोष्ट धरणाच्या सुरक्षिततेची. दार उभे असताना रात्री पूर आला, वीज गेली, तरी ते आपोआप खाली आलेच पाहिजे. वीज नसतानाही हवा सोडणारी यांत्रिक झडप नसेल, तर असे दार बसवूच नये. दार पडताच खाली लोंढा जातो. म्हणून नदीकाठच्या वस्तीस आधी भोंगा ऐकू गेला पाहिजे. दुसरी गोष्ट निगेची. अमेरिकेत टेम्पी येथील तलावाचे रबरी दार २०१० साली फुटले आणि तलाव एका रात्रीत रिता झाला. ऊन रबरास जीर्ण करते. नियमित तपासणी व वेळीच बदल यांचा खर्च योजनेतच धरावा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे वेळेवर न बसल्याने किती पाणी वाया जाते, हे गावोगावी ठाऊक आहे. निगा राखणारा माणूस नसेल तर नव्या दाराची गतही तीच व्हावयाची.

तिसरी गोष्ट न्यायाची. पूर्वी पुराच्या दोन-चार दिवसांत भिजणारी काठची जमीन आता महिनोन्‌महिने पाण्याखाली राहील. गाळपेर करणाऱ्यांचा हंगाम लांबेल. त्यांचा मोबदला आधी ठरावा. तसेच वाढलेले पाणी कालव्याच्या शेपटास पोहोचणार की मुखाशीच उसात जिरणार, याचाही निर्णय दार बसण्यापूर्वी व्हावा.

या तिन्ही गोष्टी सिद्ध असतील तेथे फुगते दार खचित उपकारक ठरेल. ग्रामसेवकांनी हे प्रश्न ग्रामसभेत व पाणीवापर संस्थेत मांडावेत, आणि शेतकरी बंधूंनी अभियंत्यांकडून त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून संमती देऊ नये. पाणी अडविण्याइतकेच ते वेळेवर सोडणे आणि सारखे वाटणे महत्त्वाचे आहे.