१७ वर्षांची मुलगी गर्भवती असेल, तर डॉक्टरांनी पोलिसांना तिचं नाव सांगायलाच हवं का?

समजा, १७ वर्षांची एक मुलगी आईबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आली आहे. दोन महिने पाळी आलेली नाही. तपासणीत ती गर्भवती असल्याचं कळतं. मुलगा तिच्याच कॉलेजातला, १९ वर्षांचा. जबरदस्ती झाली नाही, असं मुलगी सांगते. आईला पोलीस स्टेशनची पायरी चढायची नाही. दोघींचं म्हणणं एकच आहे: गर्भपात करून द्या आणि कुठे बोलू नका.

अशा वेळी डॉक्टर काय करू शकतात?

आपल्याकडे असा विषय निघाला की सोशल मीडियावर दोन बाजू लगेच तयार होतात. एक म्हणते, 'आजकालच्या मुलांना संस्कार नाहीत.' दुसरी म्हणते, 'प्रेमात कसला गुन्हा?' या भांडणात एक साधा प्रश्न मागे पडतो. या मुलीला वेळेत आणि सुरक्षित उपचार मिळणार आहेत का? याचं उत्तर कायद्याच्या काही कलमांमध्ये आणि न्यायालयाच्या काही निकालांमध्ये दडलेलं आहे. ते समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. या कायद्यानुसार १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती 'बालक' आहे आणि बालकाच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही. म्हणजे १७ वर्षांच्या मुलीने स्वतःहून संबंध ठेवले असले, तरी कायद्याच्या नजरेत तो अत्याचारच ठरतो. त्याआधी कित्येक दशकं संमतीचं वय १६ होतं.

या कायद्याची तीन कलमं इथे महत्त्वाची आहेत.

• कलम १९: असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. यातून डॉक्टर, शिक्षक, समुपदेशक, कोणीही सुटत नाही.

• कलम २१: कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. रुग्णालयासारख्या संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद.

• कलम ५ आणि ६: अत्याचारातून मुलगी गर्भवती राहिली तर गुन्हा 'गंभीर' प्रकारात मोडतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा २० वर्षं आहे.

आता वरच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहा. डॉक्टरांनी कळवलं तर १९ वर्षांच्या त्या मुलासमोर किमान २० वर्षांच्या तुरुंगवासाची शक्यता उभी राहते. नाही कळवलं तर डॉक्टर स्वतः अडचणीत येतात. 'एमएलसी करावी लागेल, पोलीस येतील' एवढं वाक्य ऐकूनच मायलेकी उठून गेल्या, तर पुढे जे होतं त्याची नोंद कुठेच राहत नाही. मग कोणीतरी सांगितलेल्या गोळ्या मेडिकलमधून आणल्या जातात, नाहीतर गावठी उपाय होतात. किंवा नुसते दिवस काढले जातात.

उशीर झाला तर काय होतं?

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१चा आहे. २०२१मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २० ते २४ आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही सोय ठरावीक गटांतल्या महिलांनाच आहे. त्या गटांत अल्पवयीन मुली आहेत. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पालकाची लेखी संमती लागते.

२४ आठवडे उलटले की वाट अवघड होते. गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय घेऊ शकतं. इतर बहुतेक प्रकरणांत न्यायालयात जावं लागतं.

उशिराची किंमत काय असते, हे महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात दिसलं. लैंगिक अत्याचारानंतर गर्भवती राहिलेल्या १४ वर्षांच्या मुलीचं प्रकरण एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने आधी परवानगी नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला परवानगी दिली, तेव्हा गर्भ जवळपास ३० आठवड्यांचा होता. पण इतक्या उशिरा प्रक्रिया करण्यातला धोका पाहून पालकांनी विचार बदलला आणि २९ एप्रिलला न्यायालयाने तो आदेश मागे घेतला. नंतरच्या सविस्तर निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा निर्णयात गर्भवती व्यक्तीची संमती सर्वांत महत्त्वाची. मुलगी अल्पवयीन असली आणि तिचं मत पालकांपेक्षा वेगळं असलं, तरी ते विचारात घ्यावंच लागेल.

मुलगी पहिल्याच महिन्यात निर्धास्तपणे डॉक्टरपर्यंत पोहोचू शकली, तर न्यायालयाची वेळ सहसा येत नाही.

न्यायालयाने कोणती वाट काढली?

ही वाट २९ सप्टेंबर २०२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. दिल्लीतल्या २५ वर्षांच्या अविवाहित तरुणीच्या याचिकेवर न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. ए. एस. बोपण्णा आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठाने तो दिला. अविवाहित महिलांनाही २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा हक्क आहे, ही त्याची बातमी झाली. अल्पवयीन मुलींबद्दलचा भाग मात्र फारसा लोकांपर्यंत पोहोचला नाही.

न्यायालय म्हणालं की पोलिसांना कळवण्याची जबाबदारी कायम राहील. पण मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी त्या माहितीत मुलीचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील देण्याची गरज नाही. पुढे फौजदारी खटला झाला तरी डॉक्टरांवर ती ओळख उघड करण्याची सक्ती नाही.

थोडक्यात, 'अशी एक रुग्ण आली होती' हे कळवायचं. 'ती कोण' हे सांगण्याची सक्ती नाही.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात पोलीस नाव मागतात आणि डॉक्टर धास्तावतात. जुलै २०२५मध्ये मुंबईतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांना याच कारणासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने ओळख उघड न करता गर्भपाताला परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असताना नावासाठी डॉक्टरांना अडवणं चुकीचं आहे, असं सुनावलं आणि हा आदेश राज्यातल्या पोलिसांपर्यंत पोहोचवायला सांगितला. हक्क मिळून जवळपास तीन वर्षं झाल्यावरही तो वापरण्यासाठी हायकोर्ट गाठावं लागलं, ही यातली खरी बातमी.

मग पोलिसांना कळवण्याची सक्तीच का आहे?

हा प्रश्नही तितकाच रास्त आहे आणि त्याचं उत्तर टाळता येणार नाही.

लहान मुलांवर अत्याचार करणारी व्यक्ती अनेकदा घरातली किंवा ओळखीतली असते. अशा वेळी घरचेच प्रकरण दाबतात. डॉक्टर, शिक्षक यांनीही गप्प बसायचं ठरवलं, तर त्या मुलाला वाचवणारं कोणी उरत नाही. म्हणून ही सक्ती आली.

ओळख लपवण्याचीही एक किंमत आहे. खरोखर अत्याचार झाला असेल, तर गर्भाचे नमुने डीएनए तपासणीसाठी जपून ठेवणं हा मोठा पुरावा असतो. नावच नसेल तर तपास पुढे सरकणं कठीण. शिवाय विनंती 'मुलगी आणि पालक' दोघांची हवी. पण गुन्हेगार पालकांपैकीच किंवा त्यांच्या जवळचा असेल तर? मग हीच सवलत त्याची ढाल होऊ शकते.

म्हणून डॉक्टरांनी मुलीशी थोडा वेळ एकटीने बोलणं अत्यंत गरजेचं आहे. ती घाबरलेली आहे का? मुलाचं किंवा पुरुषाचं वय किती? तो नात्यातला आहे का? आईसमोर न निघालेलं उत्तर त्या दहा मिनिटांत निघू शकतं. कायदा सगळ्यांना एकाच मापाने मोजतो; प्रत्येक मुलीची परिस्थिती मात्र वेगळी असते.

प्रेमप्रकरणं किती, अत्याचार किती?

बंगळुरूच्या एनफोल्ड संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० या काळातले पॉक्सोचे ७,०६४ निकाल तपासले. त्यातली १,७१५ प्रकरणं, म्हणजे २४.३ टक्के, प्रेमसंबंधांची होती. बहुतेक ठिकाणी तक्रार मुलीच्या घरच्यांनी केली होती आणि मुलगी आरोपीविरुद्ध बोलायला तयार नव्हती.

याचा अर्थ, चारातलं जवळपास एक प्रकरण प्रेमाचं आहे. उरलेली तीन तशी नाहीत, हेही विसरायचं नाही.

न्यायालयांनाही हा गुंता सुटलेला नाही. पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात मुलगी १४ वर्षांची आणि पुरुष २५ वर्षांचा होता. कोलकाता उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये त्याची सुटका केली आणि किशोरवयीन मुलींनी लैंगिक इच्छांवर ताबा ठेवावा, असा उपदेशही केला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ऑगस्ट २०२४मध्ये त्याला पुन्हा दोषी ठरवलं. तोवर ती मुलगी त्याच्याबरोबर संसार करत होती, त्यांना मूल होतं. मे २०२५मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी विशेषाधिकार वापरून त्याला शिक्षा न देण्याचा निर्णय घेतला. तज्ज्ञांच्या समितीला आढळलं होतं की गुन्ह्यापेक्षा नंतरच्या पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांनी आणि त्याला वाचवण्याच्या धडपडीने तिला जास्त पोळलं. आधी तिला योग्य निवड करण्याची संधीच मिळाली नव्हती, हेही न्यायालयाने नोंदवलं.

संमतीचं वय पुन्हा १६ करावं का, यावर वाद सुरू आहे. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३च्या २८३व्या अहवालात 'नको' म्हटलं. मात्र १६ ते १८ वयोगटात मुलाची किंवा मुलीची मूक संमती दिसत असेल तर शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना मोकळीक द्यावी, असं सुचवलं. ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी सर्वोच्च न्यायालयात १६ वर्षांची बाजू मांडली आहे. केंद्र सरकार १८वर ठाम आहे.

काही देशांनी वेगळी वाट निवडली. कॅनडात संमतीचं वय १६ आहे, पण १४-१५ वर्षांच्या मुलामुलींसाठी जोडीदाराशी वयाचं अंतर पाच वर्षांपेक्षा कमी असेल आणि तो त्यांच्यावर अधिकार असलेला नसेल, तर सूट आहे. इंग्लंडमध्ये १९८५च्या गिलिक खटल्यात ठरलं की १६ वर्षांखालच्या मुलीला उपचार पुरेसे समजत असतील, तर डॉक्टर पालकांच्या परवानगीशिवायही तिला गर्भनिरोधकाचा सल्ला देऊ शकतात.

महाराष्ट्रात याचा फटका कोणाला?

फक्त कॉलेजातल्या प्रेमप्रकरणांना नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या आकडेवारीनुसार राज्यात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के महिलांचं लग्न १८ वर्षांआधी झालं होतं. ऑक्टोबर २०१७च्या निकालानंतर १८ वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच आहे. म्हणजे बालविवाह झालेली गर्भवती मुलगी सरकारी दवाखान्यात आली, आधार कार्डावर वय दिसलं, की नवऱ्यावर गुन्हा. लग्न लावणारे सगळे पसार. पोट घेऊन उभी राहते ती मुलगी. गुन्हा नोंदवणं बरोबरच आहे. पण त्या धास्तीने घरच्यांनी तिला तपासणीला आणलंच नाही, तर रक्तक्षय, रक्तदाब, अडलेली प्रसूती या सगळ्याला ती एकटीच तोंड देते. कमी वयात हे धोके जास्त असतात.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८९१मध्ये संमतीचं वय १० वरून १२ करणारा कायदा आला, तेव्हा टिळकांनी त्याला विरोध केला आणि आगरकरांनी पाठिंबा दिला. त्याआधी रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेला संसार कोर्टात नाकारला आणि पुढे त्या स्वतः डॉक्टर झाल्या. तेव्हाही मोठी माणसं धर्म आणि अब्रू यांवर बोलत होती. मुलीच्या शरीराचं काय, हा प्रश्न थोडेच विचारत होते.

तुम्हाला माहीत असाव्यात अशा गोष्टी

• १८ वर्षांखालच्या मुलीला पालकांच्या संमतीने कायदेशीर गर्भपात करता येतो. त्यासाठी आधी एफआयआर असण्याची अट नाही.

• मुलगी आणि पालक डॉक्टरांना ओळख गुप्त ठेवण्याची विनंती करू शकतात. ती लेखी दिलेली बरी.

• अत्याचार झाला असेल तर तातडीचे उपचार मोफत मिळायला हवेत. पोलिसांचं पत्र आणा, मगच तपासू, असं कोणतंही रुग्णालय म्हणू शकत नाही.

• आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी आणि एचआयव्ही टाळणारी औषधं, दोन्ही जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्हीची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

• मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

संमतीचं वय १६ असावं की १८, यावर मतं वेगळी असू शकतात. संसद आणि न्यायालय त्यावर ठरवतील, तेव्हा ठरवतील. पण आज घाबरलेल्या मुलीला दवाखान्यात जाता आलं पाहिजे, यावर दुमत असण्याचं कारण नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २०२२चा निकाल प्रत्येक पोलीस स्टेशनला आणि प्रत्येक प्रसूतिगृहाला माहीत असला, तरी पुष्कळ झालं.