परीक्षण कीं पूर्वस्तुति?

अंबाजोगाईस माझा एक जुना विद्यार्थी घरबसल्या इंग्रजींत व्हिडिओ गेमचीं परीक्षणें लिहून चरितार्थ चालवितो. हें मी परवां मित्रमंडळींत सांगितलें तेव्हां एक विद्वान् गृहस्थ हसून म्हणाले, "म्हणजे विटीदांडूवर टीकालेख!" तें हसणें नुसत्या अज्ञानाचें असतें तर मी सोडून दिलें असतें. पण तें बेफिकिरीचें आहे, आणि त्याची किंमत आपलीं मुलें देत आहेत.

ज्या खेळाच्या एकेका प्रतीस तीन-चार हजार रुपये पडतात व ज्याच्यापुढें मुलें तासन् तास बसतात, त्याच्याविषयीं सुशिक्षितांनीं मौन धरावें आणि बोलण्याचें काम विकणाऱ्यावर सोपवावें, ही कसली रसिकता? कादंबरीहि एके काळीं तरुणांस बिघडविणारी म्हणून हिणविली जात असे. तरीहि १८६७ सालीं निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'नें व १८७४ च्या 'निबंधमाले'नें नव्या लिखाणाची पारख करण्याची संवय मराठी वाचकांस लाविलीच.

आतां या धंद्याची रीत पाहा. खेळ अपुरा असतांनाच कंपनी लेखकांस निमंत्रण देते, त्यांतला निवडक भाग तास-दोन तास खेळावयास देते, आणि त्यावर 'पूर्वपरिचय' लिहिला जातो. पुढें पुरा खेळ फुकट मिळतो. पण अमुक तारखेच्या अमुक वाजण्यापूर्वीं मत छापावयाचें नाहीं, अशी अट असते. मोबदला लेखामागें ठरतो, तासामागें नाहीं. चाळीस तास खेळून लिहा कीं चार तास, रक्कम तीच. माझ्या विद्यार्थ्यानें एका खेळाचे दोष स्पष्ट लिहिले. त्या कंपनीकडून पुढची प्रत आलीच नाहीं.

याचा परिणाम डिसेंबर २०२० मध्यें साऱ्या जगानें पाहिला. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीच्या 'सायबरपंक २०७७' या खेळाची प्रत प्रकाशनापूर्वीं परीक्षकांस दिली ती केवळ संगणकावरची; त्यांनीं स्वतः टिपलेलीं दृश्यें दाखविण्यासहि मनाई होती. बहुतेकांनीं तोंडभर स्तुति केली. खेळ बाजारांत आला तेव्हां जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका सदोष निघाला कीं, सोनीनें त्याच महिन्यांत तो आपल्या दुकानांतून काढून गिऱ्हाइकांस पैसे परत करण्याचें कबूल केलें. परीक्षक खोटें बोलले असें मी म्हणत नाहीं. त्यांना जेवढें दाखविलें तेवढेंच त्यांनीं पाहिलें. दोष नेमका तेथेंच आहे.

घरचें उदाहरणहि आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ काढला. भावाच्या शोधार्थ निघालेली डोंबाऱ्याच्या खेळांत तरबेज अशी मुलगी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा व विष्णु! पाश्चात्त्य परीक्षकांनीं त्याच्या चित्रकलेची वाखाणणी केली व लढायांत उणें काढलें. त्याच वर्षींच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्यें पहिल्या कृतीच्या विभागांत त्याचें नांव होतें. परंतु आपल्या पुराणांतल्या देवता तेथें शोभल्या कीं नुसत्या सजावटीस लाविल्या, हा प्रश्न ज्यांनीं विचारावयाचा त्या मराठी टीकाकारांपैकीं कोणाचाहि साक्षेपी लेख माझ्या वाचनांत आला नाहीं.

आपण तरी कोणत्या तोंडानें हसतों? पुस्तक न उघडतां प्रकाशनसमारंभांत केलेलीं भाषणें ही पूर्वस्तुतिच नव्हे काय?

माझें मागणें थोडें आहे. पूर्वपरिचयास परीक्षण म्हणूं नये. परीक्षकानें लेखाच्या शिरोभागींच सांगावें कीं, प्रत विकत घेतली कीं फुकट मिळाली, किती तास खेळलों, आणि कोणत्या यंत्रावर. आणि आपल्या मासिकांनीं प्रत स्वतः विकत घेऊन, लेखकास रास्त मोबदला देऊन, हीं परीक्षणें मराठींत छापावीं. वर्गणी चार रुपयांनीं वाढली तर कुरकुर करूं नये.

कारण टीकेचे पैसे कोणीतरी देतोच. वाचक देत नाहीं तेथें विकणारा देतो, आणि ज्याचे पैसे त्याची भाषा. माझा विद्यार्थी मागच्या भेटींत खालीं पाहून म्हणाला, "सर, हल्लीं मी गुण तेवढे लिहितों." त्याच्या घरीं म्हातारे आईबाप आहेत; मला त्याच्यावर रागावतां आलें नाहीं. पण फुकटांत खरें ऐकूं इच्छिणाऱ्या आपणां सर्वांवर मात्र मी रागावलों आहें.