कोयता पाच महिन्यांचा, गोळ्या एका महिन्याच्या

विश्लेषण | ग्रामीण आरोग्य

दसरा-दिवाळी उरकली की वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर आणि ट्रक भरू लागतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर आणि पार कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत बीडचा ऊसतोड मजूर पोहोचतो. पाडव्याच्या आसपास तो परततो. म्हणजे चार ते सहा महिने गावाबाहेर. या मजुरांमध्ये आता शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू असलेले लोकही आहेत. सरकारी दवाखान्यात मात्र गोळ्या मिळतात साधारण एका महिन्याच्या, साठा कमी असला तर त्याहूनही कमी दिवसांच्या. दुसऱ्या महिन्यापासून पुढं काय, याचं उत्तर आजच्या व्यवस्थेत नीट कुठं लिहिलेलं नाही.

हा आजार आता शहराचा राहिलेला नाही

शुगर म्हणजे बसून खाणाऱ्याचा आजार, हा समज गावात अजून पक्का आहे. आकडे वेगळं सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. १ लाख १३ हजारांहून जास्त लोकांच्या तपासणीवर ती आधारलेली आहे. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा तिचा अंदाज. उच्च रक्तदाब ३५.५ टक्के प्रौढांमध्ये, तर वाढलेलं कोलेस्टेरॉल २४ टक्क्यांमध्ये आढळलं.

यातली खरी मेख पुढं आहे. मधुमेहाचं प्रमाण शहरात १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के, म्हणजे गाव अजून मागे. पण उंबरठ्यावर उभे असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, १५ टक्क्यांच्या घरात. आज शहरात दिसणारी रांग येत्या काही वर्षांत तालुक्याच्या दवाखान्यासमोर लागणार, असा याचा सरळ अर्थ. घाम गाळणाऱ्याला शुगर होत नाही, या भरवशावर कुणी राहू नये.

तपासणी मोजली जाते, गोळी मोजली जात नाही

गेल्या काही वर्षांत तपासणीचं काम वाढलं, हे मान्य करावं लागेल. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतात. उपकेंद्रांचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, बीपी-शुगर बघितली जाते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत झालं. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने २०२५ अखेरपर्यंत ७ कोटी ५० लाख बीपी-शुगरच्या रुग्णांना प्रमाणित उपचाराखाली आणण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं.

पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. नाव पोर्टलवर चढलं, पहिल्या महिन्याच्या गोळ्या हातात पडल्या, की कागदावर रुग्ण 'उपचाराखाली' येतो. सहा महिन्यांनी त्याचं बीपी ताब्यात आहे का, हा प्रश्न आढावा बैठकीत क्वचितच विचारला जातो. खरा आकडा तोच आहे.

आणि हे महाराष्ट्राला नवीन नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्याची सूत्रं साधी होती: मोजक्याच औषधांचा ठरलेला क्रम, साठा तुटू न देणं, नर्सपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी मिळून पाठपुरावा, औषध घराजवळच्या केंद्रात, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, म्हणजे न आलेल्याला फोन करता येतो. यात महागडं यंत्र कुठंच नाही. नेम मात्र लागतो.

फडात गोळीचं काय होतं

मधुमेहाची पहिली गोळी बहुतेकांना मेटफॉर्मिन. ती स्वस्त आहे, जुनी आहे, भरवशाची आहे. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून जेवणासोबत घ्यायची. तिच्या जोडीला अनेकांना ग्लिमेपिराइड दिलं जातं, आणि ऊसतोडीत जपायचं ते इथंच. ही गोळी शरीरातलं इन्सुलिन वाढवते. पहाटे चारला उठून, गोळी घेऊन, भाकर न खाता फडात उतरलेल्या माणसाची शुगर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हाताला कंप, डोळ्यापुढं अंधारी, बोलणं असंबद्ध. फडात घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून हे ओळखू येत नाही. अशा वेळी शुद्धीत असेल तर लगेच साखर, गूळ किंवा उसाचा रस द्यायचा; बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा. उपवासाच्या दिवशीही हाच धोका. गोळी कधी, किती आणि उपवासाला काय करायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून समजून घेतलेलं बरं.

इन्सुलिन घेणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. कोपीत फ्रीज कुठला? वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं हा त्यावरचा जुना आणि चालणारा उपाय. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायची. पण पुढच्या बाटलीसाठी जवळचं सरकारी केंद्र कुठलं, हे कारखान्याच्या आवारात कुणी सांगत नाही.

बीपी आणि कोलेस्टेरॉलचं दुखणं असं, की ते दुखत नाही. अ‍ॅम्लोडिपिन बंद केली तर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. बीपी हळूहळू चढत जातं आणि माणूस म्हणतो, 'आता बरं वाटतंय, गोळी कशाला?' बरं वाटत होतं ते गोळीमुळंच. कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन तर सगळ्यात आधी सुटते. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींना ती बहुधा हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यासाठी दिलेली असते. बंद केली की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पुन्हा पहिल्या जागी येतं. या गोळीनं काहींचं अंग दुखतं, हे खरं. पण दिवसभर मोळ्या वाहणाऱ्याचं अंग कोणत्या कारणानं दुखतंय, हे डॉक्टरांनीच ठरवावं. फडातल्या सल्ल्यावर गोळी फेकून देऊ नये.

पायाचं तर विचारूच नका. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. उसाच्या धसाची किंवा कोयत्याची जखम कळत नाही, चिघळते, आणि शेवटी बोट किंवा पाऊल गमवावं लागतं.

खाडा कुणाला परवडतो?

'औषध मोफत आहे, तरी लोक घेत नाहीत' असं म्हणणं सोपं आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दवाखान्यात गेला तर दोघांचं काम थांबतं. उचल आधीच घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जातात. परमुलखातल्या ओपीडीत अर्धा दिवस रांगेत उभं राहायचं, तर मोफत गोळी एका दिवसाच्या मजुरीला पडते. मग माणूस मेडिकलवाल्याकडून आठ दिवसांचं पाकीट घेतो, तेही जमलं तर.

गावात मागे राहिलेल्यांचंही तसंच. नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा हेच बीपीचे जुने रुग्ण. दर महिन्याला त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेणारं घरात कुणी उरत नाही.

वाट नवी नाही, चाललेली आहे

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचना होत्या: बीपी-शुगरच्या जुन्या रुग्णांना आशा किंवा उपकेंद्रामार्फत तीन महिन्यांपर्यंतची औषधं द्यावीत. साथीत जे चाललं, ते ऊस हंगामात का चालू नये? ज्यांचं बीपी-शुगर स्थिर आहे, त्यांना निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, तर निम्मा हंगाम तिथंच सुटतो.

दुसरा दाखला क्षयरोगाचा. निक्षय पोर्टलवर क्षयरुग्णाची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते; रुग्ण हलला तरी उपचार त्याच्या मागे जातो. बीपी-शुगरच्या रुग्णाचीही पोर्टलवर नोंद असते, पण बीडच्या रुग्णाची वाट कराडच्या केंद्रात कुणी पाहत नाही.

तिसरी गोष्ट साठ्याची. औषध खरेदी आधी हाफकिन महामंडळाकडे होती. २०२३ च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आलं. खरेदी कुणीही करो, ऑक्टोबरआधी या तालुक्यांतल्या केंद्रांना जादा साठा लागणार, हे दरवर्षी ठाऊक असतं. कारखान्यांकडे गाळपाचं वेळापत्रक असतं, मुकादमाकडे टोळीची यादी असते. यादी आणि साठा यांची गाठ घालून देणं एवढंच काम उरतं.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणीची चर्चा झाली. तपासणी हवीच. पण निदान करून, हातात महिन्याची पुडी देऊन माणसाला पाच महिन्यांसाठी पाठवायचं, याला उपचार म्हणता येणार नाही.

हंगामाआधीच्या ग्रामसभेत म्हणून तीनच प्रश्न विचारायला हवेत. गावात बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेले किती जण तोडीला निघालेत? त्यांना किती दिवसांच्या गोळ्या मिळाल्या? आणि पाडव्यानंतर परतलेल्यांपैकी किती जणांचं बीपी-शुगर ताब्यात आहे? हे तीन आकडे उपकेंद्राच्या भिंतीवर लागले, तर गोळी मोजायला सुरुवात झाली असं म्हणता येईल.

निघणाऱ्यांनीही एवढं करावं: औषधाच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, रिकामं पाकीट फेकू नये, आणि गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी जवळचं सरकारी केंद्र विचारून घ्यावं. संपल्यावर शोधायला निघालं, की खाडा पडतो आणि गोळीही सुटते.