सिंकोनाचें बीं आणि दप्तराबाहेर राहिलेलें नांव

हिंवताप हा शेतकऱ्याचा जुना वैरी. ऐन हंगामांत तो घरांत शिरतो आणि कर्त्या माणसास अंथरुणास खिळवितो. त्यावरील क्विनाइन हें औषध सिंकोना वृक्षाच्या सालींतून निघतें. या वृक्षाची हकीकत आपल्या वाचकांनीं केवळ औषधाची न समजतां बियाण्याची म्हणून वाचावी, असें आम्हांस वाटतें.

हा वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावरचा. सालीचा गुण युरोपास सतराव्या शतकांत कळला. सन १८२० मध्यें दोघां फ्रेंच रसायनज्ञांनीं तींतून क्विनाइन वेगळें काढलें. सन १८६० च्या सुमारास मार्कहॅमच्या खटपटीनें हें झाड निलगिरींत आलें व जोमानें वाढलें; पण तेथील बहुतेक झाडें तांबड्या सालीचीं असून त्यांत क्विनाइनचा अंश थोडा होता.

कसदार झाडाची पारख होती ती बोलिव्हियांतील मामानी नांवाच्या रानकऱ्यास. त्यानें निवडून धरलेलें बीं चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यानें सन १८६५ मध्यें लंडनास धाडलें. इंग्रज सरकारनें तें नाकारलें. डचांनीं त्यांतील सुमारें एक पौंड घेऊन जावा बेटांत पेरलें. सालीची परीक्षा करून त्यांनीं उत्तम झाडें निवडलीं व तांबड्या सालीच्या झाडाच्या खुंटावर त्यांचीं कलमें बांधलीं. कित्येक झाडांच्या सालींत क्विनाइन शेंकडा १० वर गेलें. पुढें जगांतील बहुतेक सगळें क्विनाइन जावाच्या सालीचें झालें. सन १९४२ मध्यें जपाननें तें बेट घेतलें, तेव्हां हिंदुस्थानांत या औषधाची टंचाई पडली. आणि सन १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत हिंवतापानें लाखों माणसें नेलीं. बियाण्याची पारख नसली म्हणजे केवढें मोल द्यावें लागतें, तें यावरून दिसतें.

आणि मामानीस काय मिळालें? बीं परक्यांस दिल्याबद्दल त्यास तुरुंगांत घालून मारहाण झाली व त्यानंतर लवकरच तो मेला. झाडाच्या जातीस नांव लागलें तें लेजरचें. ज्यांनीं महसुली दप्तरें सांभाळलीं त्यांस ठाऊक आहे कीं, ज्याचें नांव रकान्यांत चढत नाहीं, त्याच्या वारसांस हक्क सांगतां येत नाहीं.

आपल्याकडे सन २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यानें जपलेल्या वाणाची नोंद त्याच्या नांवें करण्याची सोय झाली आहे. कोणाच्या घरीं रोगास न बळी पडणारें किंवा अवर्षण सोसणारें पिढीजात वाण असेल, तर त्यानें ही नोंद अवश्य करून घ्यावी. शेजाऱ्यास बीं देण्यांत कोणीं हात आंखडूं नये, तो आपला धर्मच आहे; परंतु बीं घराबाहेर जाण्यापूर्वीं नांव दप्तरीं लागलेलें असावें.